'मस्ट नॉट' म्हणजे 'गरज नाही' नव्हे! एका 'नॉट'मुळे माझा माल मुंबईहून परत आला



आपल्या अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार, दुसरं आपलं चांदूर रेल्वे. बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालं की धामणगावच्या आधी लागतं ते. इथल्या कोणत्याही दुकानदाराला विचारा, पत्त्यात नुसतं 'चांदूर' लिहिलं आणि 'रेल्वे' राहून गेलं, की पार्सल कुठं फिरून येईल याचा नेम नाही. एक शब्द राहिला, माल दुसऱ्या गावाला!

आज असाच एक छोटा शब्द घेऊया. इंग्रजीतला 'नॉट'. आता तुम्ही म्हणाल, "सर, हा बिझनेसचा चॅनल आहे की इंग्लिश स्पीकिंगचा क्लास?" बिझनेसचाच आहे. पण तुमची ऑर्डर इंग्रजीत येते, करार इंग्रजीत असतो, जीएसटीचा कायदा इंग्रजीत वाचावा लागतो. आणि त्यात 'मस्ट नॉट', 'मे नॉट', 'नीड नॉट', 'शॅल नॉट' असे शब्द खच्चून भरलेले असतात. त्यांचा अर्थ उलटा लावला, तर नुकसान खिशातून जातं. माझं गेलं आहे, म्हणून सांगतो.

माझी चूक आधी ऐका

ट्रेनिंग सुरू करण्याआधी मी तूरडाळीचं काम करत होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं लहान उद्योजकांसाठी जे मिनी दालमिल तयार केलं, तसलंच एक यंत्र आमच्याकडे होतं. आसपासच्या शेतकऱ्यांची तूर घ्यायची, डाळ करायची, पॅकिंग करून विकायची. मुंबईच्या एका खरेदीदाराकडून पहिल्यांदाच मोठी ऑर्डर मिळाली. एकूण २० क्विंटल. त्यातली ८ क्विंटल डाळ पहिल्या खेपेला गेली, १२ क्विंटल बाकी होती.

मग त्यांचा मेल आला. त्यात दोन ओळी होत्या. पहिली: 'यू नीड नॉट सेंड द सॅम्पल अगेन.' दुसरी: 'यू मस्ट नॉट डिस्पॅच द बॅलन्स क्वांटिटी बिफोर अवर रिटन कन्फर्मेशन.'

मी काय केलं? शाळेत शिकलो होतो तसं शब्दाला शब्द लावला. मस्ट म्हणजे 'पाहिजे'. नॉट म्हणजे 'नाही'. मग 'मस्ट नॉट डिस्पॅच' म्हणजे 'पाठवलंच पाहिजे असं नाही'. म्हणजे घाई नाही, पण पाठवलं तर बिघडत काय? उलट पार्टी खूश होईल. नेमका ओळखीचा एक ट्रक मुंबईकडे अर्धा रिकामा चालला होता, भाडंही कमी लागणार होतं. बिल्टी बनवली आणि १२ क्विंटल डाळ रवाना.

गोडाऊनवर माल उतरवूनच घेतला नाही. त्यांना पाकिटावरच्या लेबलात बदल करून हवा होता, आणि ते ठरेपर्यंत माल नको होता. जायचं भाडं माझं, यायचं भाडं माझं, हमाली माझी. वरून त्या सीझनमध्ये पुढची ऑर्डर नाही. चूक त्यांची नव्हती, त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं उलटं.

'नॉट' दिसतो एका जागी, काम करतो दुसऱ्या जागी

आता ही गडबड का होते ते समजून घ्या. एकदा समजलं की जन्मभर पुरतं.

'मस्ट नॉट सेंड' आणि 'नीड नॉट सेंड' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दोन्हींत 'नॉट' एकाच जागी आहे, मधोमध. मस्ट आणि नीड हे दोन्ही शब्द बंधन, आवश्यकता यांच्याबद्दलच बोलतात. तरी अर्थ पूर्ण वेगळा. का?

कारण 'मस्ट'च्या मागचा 'नॉट' पुढच्या क्रियेला चिकटतो. 'मस्ट' तसाच उभा राहतो, बंधन कायम राहतं. बंधन कशाचं? 'न पाठवण्याचं'. म्हणजे मनाई.

'नीड'च्या मागचा 'नॉट' मात्र मागे वळून 'नीड'लाच चिकटतो. बंधनच उडून जातं. म्हणजे सूट.

'डोन्ट हॅव टू'चंही तसंच, बंधन उडालं. 'कॅनॉट'मध्ये 'नॉट' मागे वळून 'कॅन'ला चिकटतो, म्हणजे परवानगीच उडाली. 'शुड नॉट' आणि 'शॅल नॉट' मात्र 'मस्ट नॉट'च्या भावकीतले. पहिला 'करू नये' असं सांगतो, दुसरा कायद्याच्या आणि कराराच्या भाषेत 'करायचंच नाही' असं बजावतो.

ही गडबड फक्त मराठी माणसाची होते असं समजू नका. जर्मन भाषेत 'मस्ट'च्या नात्यातलंच, तसंच ऐकू येणारं क्रियापद आहे. त्यांनी त्याला 'नाही' लावलं की अर्थ होतो 'गरज नाही'. म्हणून इंग्रजी शिकणारी जर्मन मंडळीही 'मस्ट नॉट'ला हमखास ठेचकाळतात. तेव्हा मनात कमीपणा आणू नका.

आपल्याजवळ याचं सोपं माप आहे: 'चालेल'

माल परत आल्यावर मला एका जुन्या व्यापाऱ्यानं समजावलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, 'पाठवाचं नाई' अन् 'पाठवा लागत नाई' यातला फरक तुले समजते ना? मंग इंग्रजीतलाही समजन." बस्स, तिथंच डोक्यात ट्यूब पेटली. हा फरक आपल्या वऱ्हाडीत आधीपासूनच आहे. फक्त इंग्रजी वाचताना आपण तो घरी ठेवून येतो.

तेव्हापासून मी 'पाहिजे-नाही'चं गणित सोडलं आणि 'चालेल'चं माप वापरायला लागलो. इंग्रजी वाक्य कितीही वाकडं असो, ते या चारपैकी एका घरात बसवायचं:

१. पाठवलं तरी चालेल. (परवानगी)
२. नाही पाठवलं तरी चालेल. (सूट)
३. पाठवलं तर चालणार नाही. (मनाई)
४. नाही पाठवलं तर चालणार नाही. (सक्ती)

बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात 'नाही' एकदाच आहे. दुसऱ्यात तो 'पाठवलं'जवळ आहे, तिसऱ्यात 'चालणार'जवळ. जागा बदलली, सूट होती तिची मनाई झाली. चौथ्यात दोन्ही जागी 'नाही' आहे, म्हणून ती सक्ती. मराठीत जागा डोळ्याला दिसते. इंग्रजीत 'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट' यांमध्ये ती दिसत नाही, लक्षात ठेवावी लागते.

आता माझा मेल या मापानं मोजा. 'नीड नॉट सेंड द सॅम्पल': नाही पाठवलं तरी चालेल, घर क्रमांक २. 'मस्ट नॉट डिस्पॅच': पाठवलं तर चालणार नाही, घर क्रमांक ३. दोन ओळी, दोन वेगळी घरं. मी दोन्ही दुसऱ्याच घरात कोंबल्या होत्या.

जिथं इंग्रजीतही जागा डोळ्याला दिसते

करारात काही शब्द असे येतात, जिथं 'नॉट' खरोखर पुढे-मागे सरकतो. इथं तर फारच सावध राहा.

'द सप्लायर इज नॉट रिक्वायर्ड टू प्रिंट द लोगो.' इथं 'नॉट' आधी आला. लोगो छापायची सक्ती नाही. छापला नाही तरी चालेल.

'द सप्लायर इज रिक्वायर्ड नॉट टू प्रिंट द लोगो.' इथं 'नॉट' एक शब्द पुढे सरकला. लोगो न छापायची सक्ती आहे. छापला तर चालणार नाही. पाकिटं छापून बसलात तर सगळी रद्दीत.

तसंच 'डज नॉट अग्री टू सेल' म्हणजे विकायला कबूल नाही, एवढंच. आणि 'अग्रीज नॉट टू सेल' म्हणजे विकणार नाही असं कबूल करून दिलं! समजा एखाद्या दुकानदारानं करारात लिहिलं, 'द सप्लायर अग्रीज नॉट टू सेल धिस प्रॉडक्ट टू एनी अदर शॉप इन द टाउन.' तुम्ही सही केली, म्हणजे गावातल्या बाकी सगळ्या दुकानांचं दार स्वतःच्या हातानं बंद केलं. सही करण्याआधी हे वाक्य तिसऱ्या घरात बसतं हे कळायला पाहिजे. मग हवं तर भाव वाढवून मागा, मुदत घालून घ्या. पण कळून करा.

सगळ्यात लबाड शब्द: 'मे नॉट'

'मस्ट नॉट' निदान एका जागी तरी राहतो. 'मे नॉट' मात्र तीन टोप्या घालतो.

पहिली टोपी, शक्यतेची. खरेदीदार लिहितो, 'वी मे नॉट नीड द सेकंड लॉट.' म्हणजे दुसरी खेप कदाचित लागणार नाही. नक्की काहीच नाही. यावर भरवसा ठेवून तूर भरून ठेवू नका, आणि ऑर्डर रद्द झाली म्हणून रडतही बसू नका. फोन करा, विचारा.

दुसरी टोपी, मनाईची. 'यू मे नॉट यूज अवर ब्रँड नेम ऑन युवर बॅनर.' इथं 'मे' म्हणजे परवानगी आणि 'नॉट'नं ती काढून घेतली. वापरलं तर चालणार नाही.

तिसरी टोपी, सुटीची. ही क्वचित दिसते, पण ती नेमकी आपल्या रोजच्या कायद्यात आहे. केंद्राच्या जीएसटी कायद्यात, म्हणजे २०१७ च्या सीजीएसटी कायद्यात, कलम ३१, पोटकलम ३, खंड बी बघा. त्यात म्हटलंय की मालाची किंवा सेवेची किंमत २०० रुपयांपेक्षा कमी असेल, तर ठरवून दिलेल्या अटींवर नोंदणीकृत व्यक्ती 'मे नॉट इश्यू' टॅक्स इन्व्हॉइस.

आता हे 'मे नॉट' कोणत्या घरातलं? दुसऱ्या टोपीनं वाचलं तर अर्थ होईल, '२०० च्या खालच्या मालाचं बिल द्यायला मनाई.' काही जण काउंटरवर तसंच सांगतात, "दोनशेच्या आत बिल देता येत नाही, नियम आहे." असा नियम नाही! 

खात्री कशी करायची? अटी वाचा. त्या जीएसटीच्या नियमावलीत नियम ४६ मध्ये आहेत. ग्राहक स्वतः जीएसटी नोंदणीकृत नसावा, आणि त्यानं बिल मागितलेलं नसावं. आता विचार करा, बिल द्यायला मनाईच असती, तर 'ग्राहकानं मागितलं नसेल तर' ही अट कशाला लागली असती? म्हणजे इथं 'नॉट' पुढच्या 'इश्यू'ला चिकटलाय. 'न देण्याची परवानगी.' नाही दिलं तरी चालेल, घर क्रमांक २. ग्राहकानं मागितलं की ही सूट संपली, बिल द्यायचं.

पण थांबा, तिथंच पुढे 'शॅल' बसलाय. अशा सगळ्या किरकोळ विक्रीचं एक एकत्रित बिल दिवसाच्या शेवटी बनवावंच लागतं. ते नाही बनवलं तर चालणार नाही. एकाच नियमात सूट आणि सक्ती शेजारी-शेजारी. अर्धं वाचून दुकान बंद करणारा इथं फसतो.

कायद्यातले आणखी तीन 'नॉट' पाठ करून ठेवा

पहिला, कलम ३२. जो नोंदणीकृत नाही, त्यानं ग्राहकाकडून कराच्या नावानं रक्कम घ्यायची नाही. इंग्रजीत 'शॅल नॉट कलेक्ट'. शुद्ध मनाई, घर क्रमांक ३. नंबर नसताना बिलावर "जीएसटी ५ टक्के" अशी ओळ टाकू नका. कंपोझिशन स्कीम घेतलेल्यांसाठी कलम १० मध्ये असंच 'शॅल नॉट कलेक्ट' आहे. ते कर स्वतःच्या खिशातून भरतात, ग्राहकाकडून वेगळा घेत नाहीत.

दुसरा, कलम २३. यात 'नॉट लायेबल टू रजिस्ट्रेशन' असे शब्द आहेत. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणारा शेतकरी, त्या विक्रीपुरता, यात बसतो. इथं 'नॉट' 'लायेबल'ला चिकटलाय, म्हणजे बंधन उडालं. नोंदणी नाही केली तरी चालेल. याचा अर्थ 'नोंदणी करता येणार नाही' असा होत नाही. कलम २५ मध्ये स्वेच्छेनं नोंदणी घ्यायची सोय आहेच. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत, सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पण मोठा खरेदीदार जीएसटी नंबर मागतो, तेव्हा काही जण "आपल्याला घेताच येत नाही" म्हणून ऑर्डर सोडून देतात. हे 'सूट' आणि 'मनाई' यांची गल्लत केल्याचं नुकसान. राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर नियम वेगळे आहेत, आपल्या सीएंना विचारून घ्या.

तिसरा, खाद्यपदार्थांचा. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात कलम ३१ ची सुरुवातच अशी आहे, 'नो पर्सन शॅल कमेन्स ऑर कॅरी ऑन एनी फूड बिझनेस एक्सेप्ट अंडर अ लायसन्स.' इथं 'नॉट' कुठं दिसतच नाही, कारण नकार वाक्याच्या तोंडाशी 'नो' बनून बसलाय. घाईत वाचणाऱ्याला फक्त 'शॅल कमेन्स' दिसतं. अर्थ आहे, परवान्याशिवाय कोणीही खाद्य व्यवसाय करायचा नाही. पुढे छोट्या उत्पादकांना, फेरीवाल्यांना परवान्यातून सूट आहे, पण लगेच म्हटलंय की त्यांनी नोंदणी करायचीच. परवाना नको, नोंदणी पाहिजेच. पापड, लोणचं, मसाला करणाऱ्या ताईंनी हे नीट लक्षात घ्या. "आम्ही लहान, आम्हाला काहीच लागत नाही" हे वाचन अर्धवट आहे.

तुम्ही लिहाल तेव्हा

आतापर्यंत वाचायचं बोललो. आता लिहायचं. समोरचाही तुमच्या-माझ्यासारखाच वाचणार आहे, हे धरून चाला.

मनाई सांगायची असेल तर 'यू मे नॉट' लिहू नका. सरळ 'प्लीज डू नॉट' लिहा. 'प्लीज डू नॉट अनलोड बिफोर चेकिंग द वेट.' यात दोन अर्थ निघत नाहीत.

सूट सांगायची असेल तर 'यू डू नॉट नीड टू' लिहा.

आपल्यालाच शंका असेल, तेव्हा 'डिलिव्हरी मे नॉट रीच बाय मंडे' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'इट इज पॉसिबल दॅट डिलिव्हरी विल बी लेट' असं लिहा, आणि नवी तारीख द्या.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट. 'नॉट' असलेली ओळ आली की उत्तर 'नॉट'शिवाय द्या. मी त्या मेलला एवढंच उत्तर दिलं असतं, 'ओके, वी विल होल्ड १२ क्विंटल अँड वेट फॉर युवर मेल', तर चुकीचं वाचलं असतं तरी लिहिता-लिहिता लक्षात आलं असतं. आणि त्यांनीही वेळेत सांगितलं असतं. 'थांबतो', 'पाठवतो', 'ठेवतो' अशा सरळ क्रियेत नकार लपायला जागाच नसते.

मराठीत लिहितानाही हेच. आपण बोलताना "नाही पाठवलं पाहिजे" असं म्हणतो, ऐकणारा आवाजावरून समजतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज नसतो. तिथं 'पाठवू नका' किंवा 'नाही पाठवलं तरी चालेल' यांतलं एक काहीतरी स्पष्ट लिहा.

आजचं काम

खाली चार ओळी देतो. वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे घराचा क्रमांक टाका. उत्तरं लगेच बघू नका.

अ) 'द सप्लायर शॅल नॉट चेंज द पॅकिंग विदाउट अप्रूव्हल.'
आ) 'अ‍ॅडव्हान्स नीड नॉट बी पेड.'
इ) 'द बायर इज नॉट रिक्वायर्ड टू अक्सेप्ट पार्ट डिलिव्हरी.'
ई) 'वी मे नॉट प्लेस अनदर ऑर्डर धिस मंथ.'

झालं? आता बघा. अ तिसऱ्या घरात, मनाई. आ दुसऱ्या घरात, सूट. इ पण दुसऱ्या घरात, पण सूट कोणाला आहे ते बघा! सूट खरेदीदाराला आहे. अर्धा माल पाठवलात तर तो घेईलच असं नाही, आणि परतीचं भाडं पुन्हा तुमच्या माथी येऊ शकतं. म्हणून घर ओळखलं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, ही सूट कोणाची, ही मनाई कोणाला? आणि ई? ती चारांपैकी कोणत्याच घरात बसत नाही. ती नुसती शक्यता आहे, तिथं एकच उपाय, फोन उचलायचा.

आता तुमच्याकडची शेवटची इंग्रजी ऑर्डर किंवा करार काढा. त्यातल्या प्रत्येक 'नॉट'भोवती लाल पेननं गोल करा. प्रत्येक गोलापुढे 'चालेल'चं वाक्य लिहा. जिथं दोन अर्थ निघतील, तिथं समोरच्याला लेखी विचारा. त्यात लाज कसली? माझी ती १२ क्विंटल डाळ शेवटी बडनेऱ्याच्या आणि अमरावतीच्या किराणा दुकानांत थोडी-थोडी करून, भाव पाडून विकावी लागली. एक ओळीचा मेल त्यापेक्षा खूप स्वस्त पडला असता.

पुढच्या भागात ऑर्डरमधल्या तारखांबद्दल बोलू. 'बाय फिफ्टीन्थ' आणि 'अनटिल फिफ्टीन्थ' यातही अशीच एक खाच आहे. तोवर गोल करा, आणि मगच ट्रक भरा.